महाविद्यालयीन ग्रंथपालाचे मोठे काम ओळखायचे कसे?

१२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त देशभर ग्रंथपाल दिन पाळला जातो. आपल्या परभणी जिल्ह्यातही महाविद्यालयांत त्या दिवशी ग्रंथप्रदर्शन मांडतात, रंगनाथनांच्या प्रतिमेला हार घालतात आणि ग्रंथपालांना पुष्पगुच्छ देतात. हा सत्कार पदाचा असतो. त्या पदावरच्या माणसाने गेल्या पाचदहा वर्षांत काय उभे केले, हे त्या दिवशी क्वचितच कोणी सांगते, कारण ते नोंदवून ठेवण्याची रीतच पडलेली नाही. प्राध्यापकाचे शोधनिबंध मोजतात, क्रीडा संचालकाच्या संघांनी आणलेली पदके मोजतात. ग्रंथपालाच्या वाट्याला मात्र सेवानिवृत्तीच्या समारंभातली चार गोड वाक्ये येतात. हे बदलायचे असेल तर सुरुवात महाविद्यालयातूनच करावी लागेल. म्हणून हा लेख प्राचार्यांसाठी, संस्थाचालकांसाठी, आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) समन्वयकांसाठी आहे आणि स्वतःच्या कामाबद्दल बोलायला संकोचणाऱ्या ग्रंथपालांसाठीही.

आधी अर्ज कुठे करायचा हा गोंधळ मिटवू. राज्य शासनाचे दोन पुरस्कार सगळ्यांना ठाऊक असतात. एक डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालय पुरस्कार आणि दुसरा डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचा, उत्कृष्ट कार्यकर्ता व सेवक यांच्यासाठीचा. दोन्ही ग्रंथालय संचालनालयामार्फत दिले जातात आणि दोन्ही सार्वजनिक ग्रंथालयांच्या क्षेत्रासाठी आहेत, म्हणजे १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली येणाऱ्या वाचनालयांसाठी. परभणीचे गणेश वाचनालय किंवा तालुक्यांची वाचनालये यांच्यासाठी तो रस्ता मोकळा आहे. सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या महाविद्यालयातल्या ग्रंथपालाला तिथे जागा नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय पातळीवर इंडियन लायब्ररी असोसिएशनचा कौला यांच्या नावाचा उत्कृष्ट ग्रंथपाल पुरस्कार आहे. तिथपर्यंत पोहोचायचे तर आधी जवळच्या लोकांनी काम ओळखून लिहून ठेवलेले असावे लागते.

कायद्याची एक बाजूही लक्षात ठेवावी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये शिक्षकाच्या व्याख्येत महाविद्यालयीन ग्रंथपाल येतो. त्यामुळे संस्था किंवा विद्यापीठ उत्कृष्ट शिक्षक म्हणून प्रस्ताव मागवते तेव्हा ग्रंथपालाचा प्रस्ताव चालेल का, हे लेखी विचारून घ्यावे. (कृषी विद्यापीठाचा कायदा निराळा आहे, तिथे त्यांचे नियम पाहावेत.) पण चालला तरी अडचण उरते. अर्जाच्या नमुन्यात निकालाची टक्केवारी, तासिका, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी असे रकाने असतील तर उत्तम ग्रंथपालाचेही निम्मे रकाने कोरे राहणार. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की ग्रंथपालासाठी वेगळा पुरस्कार आणि वेगळे निकष हवेत, आणि ते ठरवायला शासननिर्णयाची वाट पाहायची गरज नाही. एखादी शिक्षण संस्था किंवा दोनतीन तालुक्यांतली महाविद्यालये एकत्र येऊनही हे करू शकतात.

विकत मिळणाऱ्या पुरस्कारांपासून मात्र दूर राहा. ‘आपली राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणीशुल्क भरावे’ असे निरोप आता सगळ्यांच्याच फोनवर येतात. ज्याच्यासाठी पुरस्कार घेणाऱ्यालाच पैसे मोजावे लागतात, ज्याच्या निवड समितीची नावे जाहीर नसतात, तो घेऊ नये आणि महाविद्यालयाने त्याची बातमीही देऊ नये. खरे काम करणाऱ्याचा त्यात अपमान होतो.

आता मुख्य प्रश्न. नेमके काय पाहायचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत ग्रंथपालांच्या मूल्यमापनाचा एक तक्ता आहे. महाराष्ट्राने ते विनियम ८ मार्च २०१९च्या शासननिर्णयाने स्वीकारले, आणि पदोन्नतीच्या योजनेच्या, म्हणजे कॅसच्या फाइलमुळे तो तक्ता प्रत्येक ग्रंथपालाला पाठ आहे. त्यात ग्रंथालयातली उपस्थिती ९० टक्के किंवा अधिक असेल तर ‘चांगले’. ग्रंथपडताळणी झालेली असेल आणि हरवलेली पुस्तके अर्ध्या टक्क्याहून कमी असतील तर ‘चांगले’, एक टक्का किंवा त्याहून अधिक हरवली तर असमाधानकारक. पदोन्नतीसाठी किमान अटी म्हणून हे ठीक आहे. पण हाच तक्ता पुढे ठेवून उत्कृष्ट ग्रंथपाल निवडायला बसलो तर काय होईल? कपाटांना कुलपे लावून, मुलांना आत न सोडता, चिठ्ठीवर मागाल तेवढेच पुस्तक खिडकीतून देणाऱ्याचे एकही पुस्तक हरवणार नाही. मुक्तद्वार पद्धत ठेवून मुलांना मांडणीत मोकळे फिरू देणाऱ्याची चार पुस्तके जातील. तक्त्यावर पहिला वरचढ ठरेल. ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, हा रंगनाथनांचा १९३१ सालचा पहिलाच सिद्धांत, आणि त्यांच्याच जयंतीला आपण त्याच्या उलट माणसाला हार घालू.

केंद्र सरकारच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी हा प्रश्न अधिक शहाणपणाने हाताळला आहे. वर्षभरात दिलेल्या किंवा चाळल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर, वाजवी धरावी असा तो नियम आहे. एक हजार रुपयांहून महाग आणि दुर्मीळ ग्रंथांची चौकशी मात्र व्हायलाच हवी. इथे हानी वापराच्या प्रमाणात मोजली आहे, साठ्याच्या नाही. जितका वापर जास्त, तितकी सूट जास्त. आपल्या निवड समितीने हेच सूत्र घ्यावे. हरवलेल्या पुस्तकांचा आकडा कधी एकटा वाचू नये. त्याच्या शेजारी त्या वर्षीची देवघेव मांडावी आणि मगच बोलावे.

नेमून दिलेले काम आणि मोठे काम यांतला फरक ओळखायला मी तीन प्रश्न विचारतो. ही गोष्ट या माणसाच्या आधी इथे होती का? हा माणूस उद्या बदलून गेला तर ती चालू राहील का? आणि दुसऱ्या कुणी ती पाहून उचलली का? दाखलनोंदवही अद्ययावत ठेवणे, वर्गांक देणे, पडताळणी, निर्लेखनाचे प्रस्ताव, परीक्षेआधीचे नो ड्यूज ही सगळी गरजेची, कष्टाची कामे आहेत आणि ती नीट करणाऱ्याचे आभार मानायलाच हवेत. पुरस्कार मात्र त्यापुढच्या कामाला द्यावा.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत इथेच गफलत होते. ग्रंथालय संगणकीकरणाची सोल किंवा कोहा ही प्रणाली बसवली, बारकोड लावले, महाविद्यालयांना ई-नियतकालिके पुरवणाऱ्या एनलिस्टचे सभासदत्व घेतले, हे सारे पंधरा वर्षांपूर्वी मोठे काम होते. एनलिस्ट २०१० साली सुरू झाले तेव्हा ज्यांनी तालुक्याच्या ठिकाणी, दिवसातून अनेकदा वीज जात असताना ते चालवून दाखवले त्यांचे कौतुक तेव्हाच व्हायला हवे होते. आज सभासदत्व असणे यात विशेष काही नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने शासकीय उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिके एकदम खुली करून दिली. ती खुली झाली हे दिल्लीचे काम. जिथे ती खुली आहेत तिथल्या किती मुलांनी आणि शिक्षकांनी ती उघडून वाचली, त्यांना ती शोधायला कुणी शिकवले, हे ग्रंथपालाचे. तेव्हा समितीने लॉगिनचे मासिक अहवाल मागवावेत. नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालातही ग्रंथालयाचा दैनंदिन वापर विचारला जात आला आहे, म्हणजे आकडे बहुतेक ठिकाणी फाइलीत आहेतच. ते वर्षवार एका ओळीत मांडले की चित्र दिसू लागते.

सगळ्यांत बोलका पुरावा मात्र आकड्यांत नसतो, तो प्रबंधांच्या पहिल्या पानांत असतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ सालापासून परभणीत आहे. परभणी क्रांती ही भेंडी किंवा परभणी मोती ही ज्वारी शेतकऱ्याच्या तोंडी आहे, आणि वाणाचे श्रेय पैदासकाराला मिळते ते योग्यच. पण त्या विद्यापीठात वर्षानुवर्षे लिहिल्या गेलेल्या प्रबंधांचे ऋणनिर्देश कुणी एकत्र वाचले आहेत का? संशोधकाने तिथे ग्रंथालयाचे आभार उपचार म्हणून मानले आहेत की ‘अमुक अहवालाची जुनी प्रत यांनी मिळवून दिली’ असे नेमके लिहिले आहे, हे पाहावे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतल्या संशोधकांचे प्रबंध शोधगंगेवर सापडतात, कृषी प्रबंध कृषिकोशात. ग्रंथपालाचा प्रस्ताव तयार करताना असे नेमके उल्लेख शोधून त्यांची पाने जोडावीत. दहा शिफारसपत्रांपेक्षा असे एक पान वजनदार ठरते, कारण लिहिणाऱ्याने ते पुरस्कारासाठी लिहिलेले नसते.

अशा कामाची मोठी उदाहरणे आपल्या भाषेच्या प्रदेशात आहेत. परशुराम कृष्ण गोडे १९१९ पासून सुमारे चार दशके पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर होते. हस्तलिखिते सांभाळायची आणि अभ्यासकांना हवे ते काढून द्यायचे, हे त्यांचे नेमून दिलेले काम. ते करता करता त्याच पोथ्यांतून त्यांनी भारताच्या सांस्कृतिक इतिहासावर शेकडो निबंध लिहिले. १९६० साली त्यांचा गौरवग्रंथ निघाला, त्यात अभ्यासकांनी आपापले संशोधन त्यांना अर्पण केले. ज्यांना त्यांनी सामग्री पुरवली त्यांनीच गौरव करावा, हा मला सन्मानाचा सगळ्यांत उंच प्रकार वाटतो. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांचे नाव बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथव्यवहाराच्या आठवणींत येते. केवढ्या मोठ्या वाचकाची गरज त्या माणसाने भागवली असेल! तरी आज ग्रंथालयशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांना ते नाव ठाऊक आहे?

आता परभणीची परिस्थिती ध्यानात घेऊ. जिल्ह्यात नऊ तालुके. एका टोकाला कृषी विद्यापीठाचे ग्रंथालय, मग शहरातली श्री शिवाजी, ज्ञानोपासक यांसारखी जुनी महाविद्यालये, आणि दुसऱ्या टोकाला सोनपेठ, पालमसारख्या ठिकाणी एक ग्रंथपाल आणि फार तर एक परिचर यांवर चालणारी ग्रंथालये. पदे रिकामी, तीही अनेक ठिकाणी. या सगळ्यांना एका रांगेत उभे करून कोण मोठा हे ठरवणे अन्यायाचे आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० सालापासून दिलेल्या उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कारात विद्यापीठ, महाविद्यालय आणि दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी स्थानिक महाविद्यालये असे तीन वेगळे गट ठेवले, ते याच कारणाने. आपणही किमान दोन गट करावेत. एकहाती ग्रंथालयांचा गट निराळा ठेवावा. आणि ग्रंथालय परिचर, सहायक यांचा विचार स्वतंत्र करावा. कुठले पुस्तक कुठल्या मांडणीत आहे हे डोळे मिटून सांगणारा परिचर ज्या महाविद्यालयात आहे, तिथल्या मुलांना त्याची किंमत कळलेली असते.

मोठे काम लहान जागीही होते, आणि ते कसे ओळखायचे हे प्रस्तावाच्या भाषेवर फार अवलंबून असते. बहुतेक प्रस्तावांत असे वाक्य असते: ‘ग्रंथालयाचे संगणकीकरण केले, विविध उपक्रम राबविले व विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची आवड निर्माण केली.’ यावरून समितीला काहीही कळत नाही. त्याऐवजी एकच काम घ्यावे आणि ते पहिल्यापासून सांगावे. समजा, एका ग्रंथपालबाईंनी देवघेवीच्या नोंदी चाळताना पाहिले की पहिल्या वर्षाच्या बऱ्याच मुलींनी वर्षभरात एकही पुस्तक नेलेले नाही. त्यांनी त्या मुलींना बोलावून विचारले. गावाकडे जाणारी एसटी दुपारी तीनला सुटते आणि देवघेव तीननंतर सुरू होते, असे निघाले. त्यांनी प्राचार्यांशी बोलून देवघेव सकाळच्या पहिल्या तासाआधी आणली आणि बुक बँकेचे संच मुलींना सत्रभरासाठी घरी दिले. पुढच्या वर्षी त्याच नोंदीत काय फरक पडला, तो आकडा द्यावा. मग त्यातल्या दोघींच्या हातची चार ओळींची पत्रे जोडावीत. हे उदाहरण मी समजावण्यापुरते रचले आहे, पण एसटीच्या वेळेने वाचनाची वेळ ठरते हे गंगाखेड किंवा जिंतूरच्या महाविद्यालयात काम केलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. असे एक काम दोन पानांत नीट सांगितले तर कार्यक्रमांच्या छायाचित्रांच्या जाड फाइलची गरजच उरत नाही.

स्थानिक संग्रह हा असाच एक विषय. ब. रघुनाथ (१९१३ ते १९५३) हे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचे. त्यांच्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या, त्यांच्यावरचे जुन्या नियतकालिकांतले लेखन, गंगाखेडच्या जनाबाईंवरचे अभ्यास, हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्यांनी मागे ठेवलेले कागद, निजामकाळातली उर्दू आणि मोडीतली कागदपत्रे. हे सारे या जिल्ह्यातल्या घराघरांत विखुरले आहे. एखादा ग्रंथपाल रविवारी घरोघर फिरून त्याची सूची करत असेल तर त्याच्या सेवापुस्तिकेत त्याची एक ओळही पडत नाही. कॅसच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. म्हणूनच पुरस्काराच्या निकषांत त्याला ठळक जागा हवी. पन्नास वर्षांनी परभणीचा इतिहास लिहायला बसलेल्याला याच कामाचा आधार लागणार आहे.

प्रस्ताव कुणी लिहायचा? ग्रंथपालाने स्वतः लिहू नये, पण माहिती त्यानेच द्यावी. वर्षभर एक साधी वही ठेवावी. आज कुणाला काय शोधून दिले, कुठून मिळवले, किती वेळ लागला, एवढेच त्यात लिहावे. संदर्भसेवा ही बोलण्यातच विरून जाणारी गोष्ट आहे, नोंदली नाही तर ती झालीच नव्हती असे होते. या वहीवरून प्रस्ताव एखाद्या प्राध्यापकाने किंवा माजी विद्यार्थ्याने लिहावा. अमेरिकेत २००८ पासून ‘आय लव्ह माय लायब्रेरियन’ नावाचा पुरस्कार दिला जातो, त्यात नामांकन वाचकांकडूनच येते आणि महाविद्यालयीन ग्रंथपालही त्यात धरले जातात. आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी वाचनकक्षात वर्षे काढलेली आणि आता तहसीलमध्ये, पोलिसांत, शाळांत काम करणारी मुले आहेत. त्यांना एक पत्र पाठवून विचारा, ते लिहितील.

समिती लहान असावी. एक जिल्ह्याबाहेरचा अनुभवी ग्रंथपाल, एक ग्रंथालय खरोखर वापरणारा प्राध्यापक आणि एक माजी विद्यार्थी एवढे पुरे. ग्रंथपालाचा वरिष्ठ किंवा नातलग समितीत नको. संस्थेच्या अध्यक्षांनी निवडीनंतर पुरस्कार द्यावा, निवड करायला बसू नये. समितीने कागद वाचून झाल्यावर ग्रंथालय पाहायलाच हवे, तेही परीक्षेच्या किंवा सुट्टीच्या दिवसांत नव्हे. देवघेवीच्या टेबलाशी अर्धा तास उभे राहावे. मुले पुस्तकाचे नाव सांगतात की विषय सांगून ‘काय वाचू’ विचारतात, हे ऐकावे. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न कानावर येत असतील तर तिथे ग्रंथपालावर मुलांचा विश्वास आहे. नव्या पुस्तकांच्या मांडणीतले कुठलेही पाच ग्रंथ उघडून मागची तारखांची चिठ्ठी किंवा संगणकातली नोंद पाहावी. आणि एखाद्या वर्षी योग्य काम दिसले नाही तर पुरस्कार न देण्याचे धैर्यही समितीत असावे, नाहीतर पाळीपाळीने सगळ्यांना देण्याची वेळ येते आणि कुणालाच त्याची किंमत राहत नाही.

द्यायचे काय? शाल द्या, पण तिच्याबरोबर कामाला उपयोगी पडेल असे काही द्या. ग्रंथपालाने स्वतःच्या निवडीने पुस्तके घ्यावीत म्हणून एक राखीव रक्कम, खरेदी समितीच्या मंजुरीच्या फेऱ्याविना. दुसऱ्या राज्यातले एखादे चांगले ग्रंथालय पाहून येण्याचा खर्च आणि त्यासाठी कर्तव्यरजा. स्थानिक संग्रहाचे काम असेल तर वर्षभरासाठी एक मानधनी सहायक. त्यांनी केलेली सूची महाविद्यालयाने छापावी, मुखपृष्ठावर त्यांचे नाव घालून. मानपत्रात विशेषणांऐवजी काय केले ते लिहावे, म्हणजे पुढच्या नॅकला, कॅसच्या मुलाखतीला आणि राष्ट्रीय पुरस्काराच्या अर्जाला तोच कागद पुरावा म्हणून जोडता येईल.

हे सगळे निवृत्तीच्या वर्षासाठी राखून ठेवू नये. दहाबारा वर्षे सेवा झालेला, अजून वीस वर्षे काम करायची उमेद असलेला माणूस शोधावा. त्याला मिळालेली संधी वाचकांकडे परत येते. वेळापत्रकही सोपे आहे. मार्चअखेर आर्थिक वर्षाचे आणि देवघेवीचे आकडे हाती येतात, तेव्हा एप्रिलमध्ये निकष सूचनाफलकावर लावावेत आणि मेअखेरपर्यंत प्रस्ताव मागवावेत. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात महाविद्यालये भरली की समितीने ग्रंथालये पाहून घ्यावीत, जुलैत निर्णय करावा आणि १२ ऑगस्टला मानपत्र वाचून दाखवावे. ज्या महाविद्यालयांत यंदा ग्रंथपालाचे पदच रिकामे आहे, त्यांनी त्या दिवशी सत्काराऐवजी पदभरतीच्या प्रस्तावाची प्रत पुन्हा एकदा उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे पाठवावी आणि आवक क्रमांक जपून ठेवावा.